जिल्ह्याचा विकासनिधी आणि गावातला छोटा कारखाना: काजूच्या हिशोबावरून

माणगावखोरे (धागाकर्ता)

सिंधुदुर्गात निधी आला नाही, असं आता म्हणता येत नाही. २०१६-१७ मध्ये चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी ‘चांदा ते बांदा’ आली, ती २०२० मध्ये बंद झाली. २०२२ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ‘सिंधुरत्न समृद्ध योजना’ आली. जिल्हा नियोजनाचा निधी दरवर्षी असतोच. त्याशिवाय पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, पीएमएफएमई (केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना) आहेत. तरी गावातला दहा-बारा बायकांना काम देणारा काजू कारखाना पाच वर्षांनी त्याच जागी, तेवढाच का दिसतो? या धाग्यात त्याचा हिशोब मांडू या. कुठला पैसा कारखान्याला वाढवतो आणि कुठला नुसता शेडमध्ये उभा राहतो, हे आकड्यांतच कळतं.

उदाहरणासाठी दिवसाला २०० किलो काजू बी फोडणारा कारखाना धरू. वर्षाचे २५० दिवस काम, म्हणजे ५० टन बी. साधारण चार किलो बीला एक किलो गर येतो. बी चांगली असेल तर थोडा जास्त, ओली किंवा पोचट असेल तर कमी. म्हणजे साडेबारा टन गर. बीचा भाव ११० रुपये धरला तर वर्षभराची बी ५५ लाखांची. आणि ही बी बारा महिने मिळत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत जी काय भरायची ती भरायची. पाऊस लागला की बाजारात उरते ती काळवंडलेली बी, नाहीतर बाहेरून आलेली.

आता यंत्रं बघा. स्टीम कुकर, कटिंग, ड्रायर, सालं काढायचं यंत्र मिळून १५ लाख धरू. त्यावर ३५ टक्के अनुदान म्हणजे सव्वापाच लाख. सव्वापाच लाखांची बी होते ४,७७० किलो. दिवसाला २०० किलोने चोवीस दिवसांत संपली. अनुदान खरं आहे, उपयोगाचंही आहे, पण पंचावन्न लाखांच्या भुकेपुढे ते चोवीस दिवसांचं जेवण आहे.

माझं म्हणणं एवढंच: आपल्याकडचा बहुतेक सगळा विकासनिधी यंत्राला आणि इमारतीला मिळतो, आणि काजूसारख्या हंगामी मालाच्या धंद्यात वाढ अडते ती बी भरायच्या भांडवलापाशी, बी वाळवायच्या नि ठेवायच्या जागेपाशी आणि विजेपाशी. यातलं भांडवल बँकेचं काम आहे. बाकीची दोन्ही कामं स्थानिक निधीतून होऊ शकतात, आणि तिथेच तो सगळ्यात कमी जातो. जाणकारांनी आपापल्या भागातला अनुभवसिद्ध तपशील द्यावा. योजनांची नुसती नावं नकोत.

हिशोबनीस

चांगला धागा. योजनांच्या बाजूने थोडं खोलात जातो, कारण कागद वेळेवर न हलल्यामुळे अनुदानाचा अर्धा फायदा हातातून जातो.

पीएमईजीपीत २०२२ पासून उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत प्रकल्प घेता येतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक, दिव्यांग वगैरे विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. शहरात तेच १५ आणि २५. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत.

लोकांचा गैरसमज होतो तो इथे: हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावावर तीन वर्षं मुदत ठेवीसारखं पडून राहतं. त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते, कारखाना चालू असेल तरच ते कर्जात वळतं. म्हणून २४ लाखांचा प्रकल्प महिलेच्या नावावर असेल तर स्वतःचे १ लाख २० हजार, बँकेचे २२ लाख ८० हजार, आणि ८ लाख ४० हजारांचं अनुदान जमा झाल्या दिवसापासून व्याज फक्त १४ लाख ४० हजारांवर. ११ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ७,७०० रुपये वाचतात. पण पहिला हप्ता वाटल्यावर बँकेच्या शाखेने अनुदानाची मागणी पोर्टलवर टाकायची असते. शाखेने ती टाकायला सहा महिने लावले तर ४६ हजार रुपये व्याज तुमच्या खिशातून गेलं, आणि कुणी ते परत देत नाही. कर्ज वाटपानंतर पंधरा दिवसांनी शाखेत जाऊन “मागणी गेली का, तारीख काय?” हे विचारून लिहून घ्या.

दुसरी मेख खेळत्या भांडवलाची. उत्पादन उद्योगात प्रकल्पाच्या ४० टक्क्यांपर्यंत खेळतं भांडवल धरता येतं. २४ लाखांत ९ लाख धरले तर बी येते साधारण ८ टन, म्हणजे २०० किलोने चाळीस दिवसांची. आणि अट अशी, की तीन वर्षांत कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत उचलायचं कर्जखातं) एकदा तरी पूर्ण मर्यादेला टेकलं पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली असता कामा नये. नसेल तर तेवढ्या प्रमाणात अनुदान परत जातं. काजूवाल्याला ही अट जड नाही, मार्च-एप्रिलमध्ये मर्यादा आपोआप भरते. पण अनुदान वाढावं म्हणून मर्यादा फुगवून घेणाऱ्या इतर धंद्यांना ती महागात पडते.

पीएमएफएमईचं वेगळं आहे. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला मिळतं, ही चालू कारखान्याच्या विस्तारालाही मिळते. ३५ टक्के, पण कमाल १० लाख. म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या पुढे प्रकल्प नेला की वरच्या रकमेवर अनुदान शून्य. इथेही तीन वर्षं पैसा बाजूला ठेवलेला असतो आणि खातं नियमित राहिलं तरच कर्जात वळतो. अर्ज भरायला मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीला सरकारच मंजूर प्रकरणामागे मानधन देतं. तेव्हा अर्जदाराने त्यासाठी वेगळे पैसे द्यायचं कारण नाही. कुणी मागत असेल तर कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवा.

किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. त्यापुढे पत हमी योजनेचं संरक्षण घेता येतं, त्याची फी मात्र प्रकल्प अहवालात आधीच धरून ठेवा.

घाटमाथा

आजरा-चंदगड भागातला काजू कोकणासारखाच, पण हंगाम थोडा मागे-पुढे. यंत्रांबद्दल लिहितो, कारण ‘यंत्र आणलं पण उत्पन्न वाढलं नाही’ याचं कारण बहुतेकदा यंत्राच्या आधीच्या दोन पायऱ्यांत असतं.

बी गोळा झाल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायला हवी. ओलावा आठ-नऊ टक्क्यांच्या खाली उतरला पाहिजे. मूठभर बी हलवली की आत खुळखुळ वाजते आणि नखाने टरफलाला खूण पडत नाही, तेव्हा ती वाळली असं जुनी माणसं धरतात. अंदाज म्हणून ते ठीक, पण साठवणूक मोठी असेल तर ओलावामापक लागतोच. ओली बी तागाच्या पोत्यांत भरून जमिनीवर थप्पी लावली की जून-जुलैत खालच्या दोन थरांना बुरशी. वरून टरफल ठीक दिसतं आणि फोडल्यावर गरावर काळे ठिपके निघतात. तो माल अख्खा निघाला तरी वरच्या प्रतीत जात नाही. लाकडी फळ्यांवर थप्पी, भिंतीपासून हातभर अंतर, वर वारा जायला झरोका, एवढ्यावर निम्मं नुकसान थांबतं.

दुसरी पायरी आकारवार निवड. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची बी मोठी, गावठी बी लहान. दोन्ही एकत्र स्वयंचलित कटरवर घातली तर पात्यांतलं अंतर एकाला बरोबर नि दुसऱ्याला चूक. मोठीचा गर कापला जातो, लहानचं टरफल उघडतच नाही. वाफेचंही तसंच. कमी दिली तर गर टरफलाला चिकटतो, जास्त दिली तर पिवळट होतो. वाफ दिल्यावर किमान बारा तास सावलीत थंड होऊ द्यायची, घाई केली की पाकळी (दोन भाग झालेला गर) वाढते. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात एवढा फरक असतो, की शंभर किलोमागे अख्ख्याचं प्रमाण पाच-सात किलोंनी घसरलं तरी महिन्याच्या हप्त्याएवढी झळ बसते.

आता निधीशी संबंध. दहा कारखान्यांना दहा स्वयंचलित कटर देण्यापेक्षा एक आकारवार चाळणी, शंभर-दीडशे टनांचं एक गोदाम आणि सिमेंटचं एक मोठं खळं मध्यवर्ती ठिकाणी दिलं तर दहाही कारखान्यांचा अख्खा गर वाढतो. चाळणी प्रत्येकाला रोज तासभरच लागते, प्रत्येकाने घेणं परवडत नाही. सामाईक सुविधेची खरी जागा हीच आहे.

पाणंद

घाटमाथा यांनी खळं आणि गोदाम म्हटलं. जिल्हा नियोजनातून ते कसं होऊ शकतं नि कुठे अडतं ते लिहितो.

जिल्हा नियोजन समिती ही घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीतून आणि राज्याच्या १९९८ च्या अधिनियमातून आलेली. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. आराखड्याचे तीन भाग: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी उपयोजना. पैसा कुठल्या ना कुठल्या विभागाच्या लेखाशीर्षातूनच (खर्चाच्या ठरलेल्या सदरातूनच) जातो. म्हणून “काजू कारखान्यासाठी निधी द्या” असा अर्ज कितीही चांगला लिहिला तरी त्याला शीर्ष सापडत नाही आणि तो फाइलमध्ये पडून राहतो. तोच प्रस्ताव “ग्रामपंचायतीच्या जागेवर सामाईक वाळवण खळं आणि साठवण गोदाम” असा योग्य त्या यंत्रणेमार्फत गेला तर त्याला वाट मिळते. अगदी नवीन प्रकारचं काम असेल तर नाविन्यपूर्ण योजना हे वेगळं शीर्ष आहे, पण त्यात रक्कम थोडी आणि मागणारे फार.

प्रस्तावाला काय लागतं? जागेचा सातबारा सार्वजनिक संस्थेच्या नावावर, किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्र. शंभर रुपयांच्या स्टँपवरचं संमतीपत्र चालत नाही. ग्रामसभेचा ठराव. चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक. ज्या विभागाचं काम त्याची शिफारस. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. निधी सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर टप्प्याटप्प्याने येतो. राज्य यंत्रणेचा ३१ मार्चला अखर्चित राहिलेला पैसा परत जातो. जिल्हा परिषदेला पुढच्या मार्चअखेरपर्यंत मुदत असते. त्यामुळे थोडं वेळखाऊ काम जिल्हा परिषदेमार्फत नेलेलं बरं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जानेवारी-फेब्रुवारीत पुनर्विनियोजन होतं. ज्या विभागांचा खर्च होत नाही त्यांचा पैसा काढून, ज्यांची कामं तयार आहेत त्यांना दिला जातो. ज्याच्याकडे सातबारा, ठराव आणि अंदाजपत्रक तयार आहे त्याचं काम तेव्हा होतं. दरवर्षी रस्तेच का होतात, याचं मोठं कारण हेच: रस्त्याच्या कामांची कागदपत्रं कायम तयार असतात, गोदामाची कधीच नसतात.

ग्रामपंचायतीकडूनही लोकांची अपेक्षा फार असते. २०२१-२६ च्या १५ व्या वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० टक्के असा वाटला गेला. पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाचं सगळं. म्हणजे लहान ग्रामपंचायतीने ठरवलं तरी ती खळं बांधू शकेल, गोदाम नाही.

आणि बांधून झाल्यावरचा प्रश्न. इमारत सार्वजनिक, पण वीजबिल कोण भरणार? कुलूप कुणाकडे? हे न ठरल्यामुळे बांधलेली गोदामं दोन वर्षांत निवडणुकीच्या सामानाची खोली होतात. बांधकाम सुरू व्हायच्या आधी प्रभागसंघाशी (परिसरातल्या बचत गटांच्या संघाशी) किंवा शेतकरी उत्पादक कंपनीशी लेखी करार, पोत्यामागे महिन्याचं भाडं, वीजमीटर चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर, आणि दुरुस्तीसाठी भाड्यातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात, हे चारही कागदावर आणा.

तीनफेज

विजेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

औद्योगिक लघुदाब जोडणीत २० किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण २७ अश्वशक्तीपर्यंत एक गट आणि त्यावर दुसरा. वरच्या गटात स्थिर आकार केव्हीए मागणीवर बसतो, म्हणजे पावसाळ्यात दोन महिने कारखाना बंद असला तरी भरावा लागतो. काजू कारखान्यात दोनच भार मोठे. एक विजेवरचा ड्रायर, दुसरा सालं काढणाऱ्या यंत्राचा कॉम्प्रेसर, तो १० ते २० अश्वशक्तीचा असतो. ड्रायर टरफलाच्या किंवा लाकडाच्या भट्टीवरच्या गरम हवेचा घेतला तर बहुतेक छोटे कारखाने २० किलोवॅटच्या आत बसतात. कोटेशन घेतानाच सगळ्या मोटारींची अश्वशक्ती बेरीज करा. यंत्रवाला हे सांगत नाही.

खरी अडचण ट्रान्सफॉर्मरची. वाडीतला रोहित्र ६३ किंवा १०० केव्हीएचा, त्यावर कृषिपंप, घरं, पाणीयोजना. जानेवारी ते मे पंप जोरात आणि काजूचा हंगामही तेव्हाच. टोकाच्या खांबावर ४१५ च्या जागी ३६०-३७० व्होल्ट मिळतात. मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, जळतं. कॉम्प्रेसर एकदा जळला की आठवडा गेला, आणि वाफवून ठेवलेली बी थांबत नाही.

उपाय दोन. स्वतःच्या खर्चाने परवानाधारक ठेकेदाराकडून रोहित्र बसवून घेतलं तर महावितरण अंदाजपत्रकाच्या १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क घेतं, काम लवकर होतं, पण खर्च सगळा तुमचा आणि नंतर रोहित्र त्यांच्या मालकीचा. दुसरा उपाय, जिल्हा नियोजनात महावितरणमार्फत रोहित्र आणि वाहिनी सुधारणेची कामं घेतात, त्यात आपल्या वाडीचं नाव घालणं. त्यासाठी शाखा अभियंत्याकडून भाराची नोंद हवी. भर हंगामात, मार्चमध्ये संध्याकाळी सहा ते आठ या वेळेतली रोहित्राची नोंद घ्यायला सांगा, ऑगस्टमधली नको. ऑगस्टच्या नोंदीत रोहित्र निम्मा रिकामाच दिसतो आणि प्रस्ताव तिथेच थांबतो. माझ्या मते छोट्या उद्योगाला सगळ्यात जास्त परतावा देणारा सार्वजनिक रुपया हाच.

गावकरीण

बचत गटांचं कुठे बसतं यात? जिल्हा परिषदेकडून घरघंट्या, शिलाई मशिनं मिळतात त्यावर गटांतल्या बायका समाधानी असतात. पण इथे सगळं कारखान्याचं चाललंय. दहा जणींच्या गटाने नेमकं काय मागावं?

हिशोबनीस

ताई, गटासाठी पीएमएफएमईत बीज भांडवल आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजार, दहा जणींचे कमाल ४ लाख. हे प्रभागसंघामार्फत येतं आणि सदस्यांना कर्जाऊ मिळतं, म्हणजे फेडायचं आहे, ते पुन्हा फिरतं. त्यातून छोटी साधनं आणि खेळतं भांडवल दोन्ही चालतं. बी विकत घ्यायला चालणारा पैसा योजनांत दुर्मीळ, म्हणून हे आधी मागा. गटाच्या नोंदवहीत ‘अन्नप्रक्रिया’ असा व्यवसाय लिहिलेला असायला हवा, आणि ज्या सदस्येचं नाव दिलंय ती खरंच ते काम करत असायला हवी. हे दोन नसतील तर यादी परत येते.

बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी बसते, पण ती शेतकऱ्यासाठी आहे. व्यापाऱ्याला किंवा कारखान्याला त्यात माल ठेवता येत नाही. मात्र गटातल्या ज्या बायकांची स्वतःची कलमं आहेत त्यांनी आपापली बी स्वतःच्या नावावर ठेवली तर सहा महिने कमी व्याजात पैसा मिळतो. भाव पडलेला असताना विकायची पाळी येत नाही आणि गटाला ऑगस्टनंतर बी घरातूनच मिळते. त्यासाठी पुन्हा जवळ गोदाम लागतं. घाटमाथा यांचा मुद्दा इथेही येतोच.

घाटमाथा

घरघंटीबद्दल एक हिशोब, कारण वाटपाच्या योजनांत हे कुणी मांडत नाही. तीनशे घरांचं गाव, घरामागे आठवड्याला दहा किलो दळण धरा. एकूण तीन टन. एक अश्वशक्तीची घरघंटी तासाला सात-आठ किलो दळते. रोज सहा तास, सहा दिवस चालली तर आठवड्याला पावणेतीनशे किलोच्या आसपास. म्हणजे गावात दुसरी एकही चक्की नसेल तरच दहा घरघंट्यांना पुरेसं दळण. प्रत्यक्षात एक मोठी गिरणी आधीपासून असतेच, ती निम्म्याहून अधिक दळण नेते. अशा गावात चार वर्षांत पंधरा घरघंट्या गेल्या तर पंधराही अर्धपोटी चालतात. एकीचं उत्पन्न दुसरीकडे सरकतं, गावाच्या उत्पन्नात भर फारशी पडत नाही. लाभार्थी निवडताना त्या गावात तीच वस्तू आधी किती दिली ते बघितलं पाहिजे. ही यादी पंचायत समितीत असते, मागितली तर मिळते. त्याऐवजी मसाला कांडप किंवा पल्वरायझर (भुकटी करायचं यंत्र) मागणाऱ्या गटाला प्राधान्य दिलं तर नवं काम उभं राहतं.

पाणंद

सहमत. आणखी एक: या वस्तू आता थेट लाभ हस्तांतरणाने मिळतात. आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, पावती आणि फोटो जोडायचा, मग रक्कम खात्यात. ज्या बाईकडे आधी गुंतवायला पैसे नाहीत ती यादीत नाव येऊनही मागे राहते. गटाच्या अंतर्गत कर्जातून तेवढे दिवस उचल दिली तर हे सुटतं. पावतीवर जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक नसेल तर रक्कम अडते, हे दुकानातच तपासा.

खडीमुरूम

सगळे अनुदानाचं बोलतायत. पण सार्वजनिक पैसा तालुक्यात शिरतो तो मुख्यतः कामांतून, आणि तो लहान ठेकेदार, हार्डवेअरवाला, टेम्पोवाला, सेंट्रिंगवाला यांच्या हातून फिरतो. त्याचाही हिशोब इथे असावा.

लहान कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ अशी वाटली जातात. म्हणून नवीन अभियंत्याला शिरकाव मिळतो, ही चांगली बाजू. पण दहा लाखांच्या (जीएसटी सोडून) बिलातून हातात काय येतं बघा. आयकर कपात वैयक्तिक ठेकेदाराला १ टक्का, म्हणजे १० हजार. करार अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटीची कपात २ टक्के, २० हजार. कामगार उपकर १ टक्का, १० हजार. गौण खनिजाच्या (खडी, वाळू, मुरूम) स्वामित्वधनाच्या पावत्या जोडल्या नाहीत तर तीही रक्कम कापली जाते, वर निविदेप्रमाणे सुरक्षा ठेव, जी दोष दायित्वाचा काळ (कामातला दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर मिळते. आयकर आणि जीएसटीची कपात पुढे वळती होते, पण तोवर अडकतेच. आणि १८ टक्के जीएसटी बिलाच्या महिन्यात भरायचा, पैसे येवोत न येवोत.

काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल तयार झालं, पण प्रणालीवर निधीच नाही, अशी बिलं महिनोन्‌महिने पडून राहतात. तेव्हा ठेकेदार हार्डवेअरवाल्याला थांबवतो, तो सिमेंटच्या घाऊक विक्रेत्याला, तो उधारी बंद करतो. एका अडकलेल्या बिलामागे बाजारपेठेतली चार दुकानं अडकतात. काम घेण्यापूर्वी नियोजन कार्यालयात दोन गोष्टी विचारा: या शीर्षात या वर्षी तरतूद किती, आणि आधीच्या कामांचं दायित्व, म्हणजे द्यायची राहिलेली रक्कम, किती. दायित्व तरतुदीच्या दीडपट असेल तर तुमचं बिल पुढच्या वर्षी. दर भरताना त्या वर्षाचं व्याज धरूनच भरा, किंवा ते काम सोडा.

माणगावखोरे

खडीमुरूम, या दायित्वाच्या मुद्द्यासाठी मनापासून आभार. सामाईक गोदामाचं काम मागणाऱ्यांनीही हेच विचारायला हवं, नाहीतर जोत्यापर्यंत येऊन दोन पावसाळे थांबलेलं बांधकाम नशिबी येतं.

मोठ्या सामाईक सुविधेसाठी केंद्राच्या क्लस्टर योजनेचं (एका भागातल्या छोट्या उद्योगांच्या समूहासाठीची योजना) कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १० कोटींच्या सुविधा केंद्राला केंद्राचा हिस्सा ७० टक्के, १० ते ३० कोटींना ६०. उद्योजकांनी स्वतंत्र कंपनी स्थापायची, आणि एकाच सभासदाकडे १० टक्क्यांहून जास्त भागभांडवल नको. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी वाळू पुन्हा वापरात आणायची सुविधा अशीच एकत्र येऊन उभी केली. काजूत टरफलाचं तेल काढणं, प्रयोगशाळा, शीतगृह याला हे लागू पडेल. पण आपल्या दहा-पंधरा कारखान्यांसाठी पाच कोटींचा प्रकल्प अंगावर घेण्याआधी पन्नास लाखांचं गोदाम वर्षभर एकत्र चालवून दाखवावं. भाड्यावरून आणि पाळीवरून भांडणं तिथेच कळतात.

गावकरीण

शेवटचा प्रश्न. सगळं वाचून असं दिसतं की पैसा आणि बी दोन्ही मार्चमध्येच येतात. मग नव्याने सुरू करणाऱ्याने अर्ज कधी करावा? आणि यंत्रवाला म्हणतो आत्ता आगाऊ रक्कम दिली तर जुना भाव धरेन. द्यावी का?

माणगावखोरे

ताई, आगाऊ रक्कम अजिबात देऊ नका. कर्जमंजुरीच्या आधीच्या तारखेची पावती असलेलं यंत्र अनुदानात धरत नाहीत, आणि बँक पैसे थेट यंत्रवाल्याच्या खात्यात टाकते. कोटेशन तेवढं घ्या, त्यावर जीएसटी क्रमांक, मोटारींची अश्वशक्ती आणि तासाची क्षमता लिहून घ्या.

अर्जाची वेळ जुलै-ऑगस्ट. मार्चअखेरीच्या गर्दीत शाखेला छोट्या प्रकरणाकडे बघायला सवड नसते, आणि एप्रिलमध्ये मंजुरी आली तर निम्मा हंगाम गेलेला असतो. ऑगस्टमध्ये अर्ज, सप्टेंबर-ऑक्टोबरात उद्योजकता प्रशिक्षण, नोव्हेंबरपर्यंत मंजुरी, डिसेंबरात यंत्रं. जानेवारीत जुनी थोडी बी विकत घेऊन चाचणी, कारण वाफेचं प्रमाण आणि पात्यांचं अंतर बसायला तीन-चार आठवडे जातात. कॅश क्रेडिटची मर्यादा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खुली झालेली हवी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाच्या विकास आराखड्याचा विषय येतो, खळ्याचा ठराव त्याच दिवशी मांडा, दहाही जणींच्या सह्या घेऊन.

आणखी एक खर्च हाताशी ठेवा. नोंदणीकृत कारखान्याने शेतकऱ्याकडून बी घेतली तर ५ टक्के जीएसटी खरेदीदाराने स्वतः रोख भरायचा असतो. तो नंतर गराच्या विक्रीवर वळता होतो, पण दहा लाखांची बी घेतली की ५० हजार आधी बाहेर जातात. प्रकल्प अहवाल करून देणारे हा आकडा हमखास विसरतात, आणि एप्रिलच्या वीस तारखेला विवरणपत्र भरताना तो एकदम समोर येतो.

तीनफेज

आणि विजेचा अर्ज बँकेच्या अर्जासोबतच टाका. ड्रायर आला आणि मीटर नाही, असे कारखाने दर डिसेंबरात भेटतात.